एका संगणकाचा प्रिंटर दुसऱ्यावरून चालेना, तर शोध कुठून सुरू करायचा

खालच्या खोलीतल्या पीसीला यूएसबीच्या तारेने जोडलेला एक लेझर प्रिंटर, आणि प्रिंट हवी आहे वरच्या मजल्यावरच्या लॅपटॉपवरून. ही मांडणी आपल्याकडे असंख्य घरांत आहे. एचपी लेझरजेट १०२० किंवा कॅनन एलबीपी २९०० यांसारखे प्रिंटर वर्षानुवर्षे काम देतात, त्यांचे टोनर कुठल्याही तालुक्याच्या गावी भरून मिळते, आणि केवळ वायफाय नाही म्हणून असे यंत्र काढून टाकणे चुकीचेच आहे. विंडोजमध्ये असा प्रिंटर घरातल्या दुसऱ्या संगणकाला वापरू देण्याची सोय आधीपासून आहे. अडचण एवढीच की ती कधीतरी अचानक बंद पडते, आणि मुलाच्या परीक्षेचे हॉल तिकीट काढायचे असते त्याच सकाळी ते लक्षात येते.

मग हाताला येईल ते करून पाहिले जाते. ड्रायव्हर काढला, पुन्हा टाकला, बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी फायरवॉल बंद केली, कुणाच्या तरी व्हिडिओत पाहून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, काहीतरी बदलले. याने कधी काम होते, पण कशामुळे झाले ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून आधी प्रिंटचा प्रवास समजून घेऊ. लॅपटॉपवर प्रिंटचे बटण दाबले की तिथला ड्रायव्हर पानाचे रूपांतर प्रिंटरला कळेल अशा माहितीत करतो. स्पूलर नावाची विंडोजची सेवा ती माहिती राउटरमार्गे पीसीकडे पाठवते. पीसी पाठवणाऱ्याची ओळख तपासतो. ओळख पटली तर काम पीसीच्या रांगेत लागते, आणि तिथून यूएसबीच्या तारेने प्रिंटरमध्ये जाते.

तपास करायचा तो या प्रवासाच्या उलट दिशेने, प्रिंटरपासून लॅपटॉपकडे. एक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. या लेखात ‘पीसी’ म्हणजे ज्याला प्रिंटर जोडलेला आहे तो, आणि ‘लॅपटॉप’ म्हणजे ज्यावरून प्रिंट द्यायची आहे तो. दोन्हींवर विंडोज १० किंवा ११ आहे असे धरले आहे. मेनूंची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. संगणकाची नावे आणि आज्ञा टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरे वापरायची.

पीसीवरूनच प्रिंट निघते का?

पीसीवर सेटिंग्जमध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस’ आणि त्यात ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ उघडा. विंडोज १० मध्ये ते ‘डिव्हाइसेस’खाली आहे. प्रिंटरवर क्लिक करून ‘प्रिंट टेस्ट पेज’ द्या. पान आले नाही, तर नेटवर्कचा विचार इथेच थांबवा. दोष प्रिंटर, तार किंवा पीसी यांपैकी कशात तरी आहे.

पान आले तरी लगेच पुढे जाऊ नका, कारण या टप्प्यावर एक फसवी गोष्ट वारंवार आढळते. झाडलोट करताना प्रिंटरची तार निघाली आणि पीसीच्या वेगळ्या यूएसबी खाचेत लागली, की विंडोज पुष्कळदा त्याला नवा प्रिंटर समजते. यादीत तेच नाव पुढे ‘कॉपी १’ लागून दुसऱ्यांदा येते. पीसीवरून प्रिंट व्यवस्थित निघते, कारण ती नव्या नोंदीकडे जात असते. शेअर केलेली असते मात्र जुनी नोंद, आणि तिचे टोक आता रिकाम्या खाचेला आहे. लॅपटॉपने पाठवलेली कामे तिच्या रांगेत जाऊन नुसती पडून राहतात. लॅपटॉपवर चूक म्हणावी असे काहीच दिसत नाही, आणि लोक तासन् तास तिथेच शोधत बसतात.

म्हणून यादीत एकाच प्रिंटरच्या दोन नोंदी असतील तर दोन्हींच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘पोर्ट्स’ हा टॅब बघा. एकीवर यूएसबी००१ आणि दुसरीवर यूएसबी००२ असे काहीतरी असेल. चालणाऱ्या नोंदीचा पोर्ट लक्षात ठेवा, जुन्या शेअर केलेल्या नोंदीत तोच निवडा, तिच्यावरून टेस्ट पेज काढा, आणि मग ‘कॉपी १’ काढून टाका. तार ज्या खाचेत आहे तिथे रंगीत चिकटपट्टीची खूण करून ठेवली तर हा प्रश्न पुन्हा सहसा येत नाही.

रांगेत एखादे काम ‘डिलीटिंग’ म्हणत अडकून बसले असेल तर ते त्याच्या मागच्या सगळ्यांना अडवते. स्टार्ट मेनूत ‘सर्व्हिसेस’ शोधा, यादीत ‘प्रिंट स्पूलर’ निवडून थांबवा. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात स्पूल आणि त्यात प्रिंटर्स असे फोल्डर आहे. त्याच्या आतल्या फायली पुसा, फोल्डर तसेच ठेवा. मग स्पूलर पुन्हा सुरू करा. हे दोन्ही संगणकांवर केले तर उत्तम, कारण रांग दोन्हीकडे असते.

दोघे खरोखर एकाच नेटवर्कवर आहेत का?

‘दोन्हींवर इंटरनेट चालते’ एवढ्यावरून हे सिद्ध होत नाही. दोन्ही संगणकांवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, आयपी आणि कॉन्फिग हे शब्द जोडून टाइप करा आणि एंटर दाबा. आयपीव्ही४ पत्ता दिसेल, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. घरगुती राउटरवर दोन्हींचे पहिले तीन आकडे सारखे असायला हवेत. एकाचा १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.७ असेल तर दोघे वेगळ्या नेटवर्कवर आहेत. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही.

वेगळी नेटवर्क तयार होण्याचे आजकालचे मोठे कारण म्हणजे घरातले दोन राउटर. फायबरच्या जोडणीबरोबर येणारा डबा स्वतःच राउटर असतो. वरच्या मजल्यावर रेंज पोहोचत नाही म्हणून त्याच्या तारेवर आपण बाजारातून आणलेला दुसरा राउटर लावतो. तोही आपले स्वतंत्र पत्ते वाटू लागतो, आणि खालचा पीसी एका नेटवर्कवर तर वरचा लॅपटॉप दुसऱ्यावर अशी विभागणी होते. उपाय सोपा आहे: दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’मध्ये टाका. मग पत्ते वाटणारा घरात एकच राहतो. २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशी एकाच राउटरची दोन नावे दिसत असतील तर त्याने सहसा बिघडत नाही. ‘गेस्ट’ नेटवर्क मात्र नको. पाहुण्यांची उपकरणे घरातल्या उपकरणांपर्यंत पोहोचू नयेत यासाठीच ते केलेले असते. लॅपटॉप ऑफिसचा असेल आणि व्हीपीएन चालू असेल तर ते बंद करून बघा, कारण पुष्कळ कंपन्यांचे व्हीपीएन घरच्या नेटवर्कचा रस्ताच तोडते.

आता प्रोफाइल. विंडोज प्रत्येक नेटवर्कला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ मानते. पब्लिक म्हणजे रेल्वे स्टेशन किंवा हॉटेलसारखी जागा. तिथे ते संगणक इतरांपासून लपवते आणि शेअरिंग बंद ठेवते. नवे वायफाय जोडले की विंडोज ते पब्लिकच धरते. त्यामुळे तुम्ही इंटरनेट कंपनी बदलली, राउटर बदलला किंवा वायफायचे नाव बदलले, तर विंडोजच्या दृष्टीने ते नवे नेटवर्क असते. ‘परवापर्यंत चालत होते’ या तक्रारीमागे कितीतरी वेळा हेच निघते. दोन्ही संगणकांवर सेटिंग्ज, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, वायफाय, आणि जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज असे जाऊन ‘प्रायव्हेट नेटवर्क’ निवडा. पीसी तारेने जोडलेला असेल तर हीच निवड इथरनेटखाली मिळते.

पीसीने दार उघडे ठेवले आहे का?

पीसीवर ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’ उघडा. विंडोज ११ मध्ये ते ‘अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’च्या आत आहे, विंडोज १० मध्ये कंट्रोल पॅनेलच्या ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’मध्ये. प्रायव्हेटखाली ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ ही दोन्ही चालू हवीत.

मग प्रिंटरच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘शेअरिंग’ टॅबवर ‘शेअर धिस प्रिंटर’वर खूण करा. शेअरचे नाव विंडोज सुचवेल ते कंपनीच्या मॉडेलचे लांबलचक असते. ते पुसून एक छोटा शब्द लिहा, मध्ये मोकळी जागा नको. मी उदाहरणासाठी ‘लेझर’ धरतो. पीसीचे नावही सेटिंग्ज, सिस्टम, ‘अबाउट’मध्ये बघून ठेवा. डेस्कटॉप आणि पुढे अगम्य अक्षरे असे काही असेल तर ते बदलून सोपे करा, पंधरा अक्षरांच्या आत, आणि पीसी रीस्टार्ट करा. इथे ‘घर-पीसी’ धरू.

पीसीवर विंडोजच्या फायरवॉलऐवजी दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस पहारा करत असेल तर विंडोजमधली ही सगळी मांडणी बरोबर असूनही दार बंद राहू शकते. त्या अँटिव्हायरसच्या फायरवॉलमध्ये तुमच्या नेटवर्कला ‘होम’ किंवा ‘ट्रस्टेड’ ठरवण्याची सोय शोधा.

लॅपटॉपवरून दार ठोठावा

संपूर्ण तपासणीतली ही सर्वांत उपयोगी चाचणी आहे. लॅपटॉपवर विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पीसीचे नाव लिहा: \\घर-पीसी. एंटर दाबा. ‘नेटवर्क’ या फोल्डरमध्ये पीसी दिसतो की नाही याची चिंता करू नका. ती यादी ‘फंक्शन डिस्कव्हरी’ नावाच्या वेगळ्या सेवांवर चालते, आणि यादीत न दिसणाऱ्या संगणकावरही प्रिंट उत्तम जाते.

समोर खिडकी उघडली आणि तीत ‘लेझर’ दिसला, तर नेटवर्क, फायरवॉल आणि ओळख हे सगळे टप्पे पार पडले. थेट ड्रायव्हरच्या भागाकडे जा.

‘नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड’ असे आले, ज्याचा क्रमांक ०एक्स८००७००३५ असतो, तर आता नावाऐवजी पीसीचा आयपी पत्ता तसाच रेघा देऊन लिहून बघा. पत्त्याने उघडले आणि नावाने नाही, तर अडचण फक्त नाव ओळखण्यात आहे. पीसीवर सर्व्हिसेसमध्ये ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा आपोआप सुरू होईल अशी ठेवा, आणि दोन्ही संगणक व राउटर एकदा रीस्टार्ट करा. पत्त्यानेही उघडले नाही तर मागच्या दोन भागांपैकी एक काहीतरी सुटले आहे: प्रोफाइल, फायरवॉल, गेस्ट नेटवर्क, किंवा पीसी झोपलेला आहे.

तिसरी शक्यता म्हणजे पासवर्ड विचारला जातो आणि कुठलाच पासवर्ड चालत नाही. बहुतेक घरांत गाडी इथे अडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पीसी उघडताना आपण जो चार-सहा आकडी पिन टाकतो तो फक्त त्या यंत्रापुरता असतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने पीसी उघडत असाल तर तो त्या ईमेलचा पासवर्ड, जो कित्येकांनी खाते काढल्यापासून पुन्हा टाकलेलाच नसतो. आणि पीसीवरच्या खात्याला पासवर्डच ठेवलेला नसेल तर विंडोज अशा खात्याला नेटवर्कवरून आत घेतच नाही. समोर बसूनच ते वापरता येते.

या सगळ्यावर पूर्वी लोक ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करून टाकत. म्हणजे कुणीही पाहुणा म्हणून आत यावे. हा रस्ता आता बंद होत चालला आहे. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत प्रो संस्करणाने पाहुणा म्हणून जोडणे मुळातच नाकारले आहे. त्यामुळे नवा लॅपटॉप आणल्यावर जुन्या पीसीवरचा प्रिंटर चालेनासा झाला, असे झाले असेल तर आधी हेच तपासा.

कायमचा उपाय असा. पीसीवर सेटिंग्ज, अकाउंट्स, ‘अदर यूजर्स’ इथे जा आणि ‘अ‍ॅड अकाउंट’ दाबा. विंडोज ईमेल मागेल. तिथे माहिती नसल्याचा पर्याय निवडा आणि पुढच्या पानावर ‘अ‍ॅड अ यूजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ घ्या. ‘प्रिंट’ असे नाव आणि एक नीट पासवर्ड द्या. हे साधे, प्रशासकाचे अधिकार नसलेले खाते असू द्या. आता लॅपटॉपवर कंट्रोल पॅनेलमध्ये ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ उघडा, ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’मध्ये नवी नोंद करा. पत्त्याच्या जागी घर-पीसी, वापरकर्त्याच्या जागी घर-पीसी\प्रिंट, आणि खाली तो पासवर्ड. त्याच पीसीच्या चुकीच्या जुन्या नोंदी तिथे पडल्या असतील तर त्या आधी काढा. विंडोज गुपचूप त्याच वापरत राहते. लॅपटॉप रीस्टार्ट करून पुन्हा \\घर-पीसी करून बघा. एक लक्षात ठेवा: नावाने केलेली नोंद आयपी पत्त्याने उघडताना लागू होत नाही, म्हणून पुढे सगळीकडे नावच वापरा.

यात पंधरा-वीस मिनिटे जातात. पण घरात आणखी एखादा लॅपटॉप आला तर तीच दोन नावे आणि तोच पासवर्ड तिथे टाकला की झाले, आणि घरातल्या कुणाचा वैयक्तिक पासवर्ड कुणाला सांगावा लागत नाही.

ड्रायव्हर आणि ते क्रमांक

\\घर-पीसी या खिडकीत ‘लेझर’वर दोनदा क्लिक केले की विंडोज प्रिंटर जोडायला लागते. इथे पूर्वी पीसीकडूनच ड्रायव्हर उचलला जायचा आणि काम संपायचे. २०२१ च्या उन्हाळ्यात स्पूलरमधली ‘प्रिंटनाइटमेअर’ ही गंभीर त्रुटी उघड झाली, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टच्या अपडेटपासून अशा प्रकारे ड्रायव्हर बसवायला प्रशासकाचे अधिकार लागू लागले. त्याच सप्टेंबरमध्ये प्रिंटसाठीच्या संभाषणाची सुरक्षा वाढवणारा आणखी एक बदल सक्तीचा झाला. ‘०एक्स०००००११बी’ हा अनेकांना भेटलेला क्रमांक त्या बदलाचा. दोघांपैकी एक संगणक अपडेट नसेल तर तो येतो. म्हणून आधी दोन्हींवर विंडोज अपडेट पूर्ण करा.

‘०एक्स०००००७०९’ हा दुसरा नेहमीचा पाहुणा. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून लॅपटॉप प्रिंटरशी बोलायला पूर्वीचे ‘नेम्ड पाइप्स’ सोडून ‘आरपीसी ओव्हर टीसीपी’ वापरतो, आणि जुन्या विंडोजच्या पीसीशी त्याचे जमत नाही. प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसीमध्ये प्रिंटर्सखाली ‘कॉन्फिगर आरपीसी कनेक्शन सेटिंग्ज’ इथे नेम्ड पाइप्स निवडता येते. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी बदलण्याची ही सोय नसते.

पण या दोन्ही क्रमांकांवर, आणि अशा इतर कित्येकांवर, मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो मार्ग वेगळाच आहे. त्यात पीसीकडून ड्रायव्हर मागायचाच नाही.

लॅपटॉप खाली प्रिंटरजवळ न्या. यूएसबीची तार पीसीतून काढून थोड्या वेळासाठी लॅपटॉपला लावा. कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतलेला ड्रायव्हर बसवा आणि एक टेस्ट पेज काढा. म्हणजे लॅपटॉपचा ड्रायव्हर चांगला आहे याचीही खात्री झाली. तार पुन्हा पीसीच्या त्याच जुन्या खाचेत लावा. आता लॅपटॉपवर त्या प्रिंटरच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘पोर्ट्स’ टॅबवर जा, ‘अ‍ॅड पोर्ट’ दाबा, यादीतून ‘लोकल पोर्ट’ निवडा, ‘न्यू पोर्ट’ दाबा आणि नावाच्या जागी \\घर-पीसी\लेझर असे लिहा. ‘अप्लाय’ करा आणि पुन्हा टेस्ट पेज द्या.

लॅपटॉपला आता तो स्वतःचाच प्रिंटर वाटतो. फक्त त्याची माहिती तारेऐवजी नेटवर्कवरून पीसीच्या रांगेत पोहोचते. ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ आले तर ओळखीच्या टप्प्यात काहीतरी राहिले आहे. पान गेले पण चूक दाखवत राहिले तर त्याच टॅबवरची ‘एनेबल बायडायरेक्शनल सपोर्ट’ ही खूण काढून बघा. काही प्रिंटरचे ड्रायव्हर स्वतःच्या खास पोर्टशिवाय दुसरा स्वीकारत नाहीत. त्यांच्यासाठी आधीचा, दोनदा क्लिक करण्याचा रस्ताच वापरावा लागतो. तरीही लॅपटॉपवर ड्रायव्हर आधीच बसलेला असल्याने तोही आता सोपा जातो.

लॅपटॉपमध्ये एआरएम प्रकारचा प्रोसेसर असेल, जसे स्नॅपड्रॅगनचे नवे लॅपटॉप, तर त्याला त्याच प्रकारचा ड्रायव्हर लागतो. जुन्या प्रिंटरसाठी तो सहसा निघालेला नसतो. अशा जोडीवर वेळ घालवण्यात अर्थ नाही; फाइल पीडीएफ करून पीसीवर उघडणे बरे.

पान येते, पण चुकीचे

पानभर अगम्य चिन्हे किंवा एकामागून एक कोरी पाने आली तर लॅपटॉपवर दुसऱ्याच मॉडेलचा ड्रायव्हर आहे. काम लगेच रद्द करा, नाहीतर कागदाचा गठ्ठा जाईल. ड्रायव्हर बरोबर असूनही असे होत असेल तर पीसीवर शेअरिंग टॅबमधली ‘रेंडर प्रिंट जॉब्ज ऑन क्लायंट कंप्यूटर्स’ ही खूण उलटी करून बघा.

मराठी मजकुराची वेगळी गंमत आहे. कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधली फाइल पेनड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर नेली आणि तिथे तो फाँट नसला, तर कागदावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उमटतो. नेटवर्कवरून स्वतःच्या लॅपटॉपवरून प्रिंट दिली तर ही अडचण टळते, कारण पान तयार होते ते फाँट असलेल्या लॅपटॉपवर. पीडीएफमधली जोडाक्षरे मात्र कधी तुटून येतात. तेव्हा अ‍ॅक्रोबॅटमध्ये प्रिंटच्या चौकटीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबून ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ निवडा. पान थोडे सावकाश येईल, पण स्क्रीनवर दिसते तसे येईल.

सावकाश येण्याचेही कारण समजून घ्यावे. हे स्वस्त लेझर प्रिंटर पान स्वतः रचत नाहीत. संगणक पानाचे संपूर्ण चित्र तयार करून त्यांना देतो. ६०० डीपीआयचे एक ए४ पान दाबून लहान करण्याआधी सुमारे ४ एमबीचे असते. पन्नास पानांच्या पुस्तिकेला वरच्या मजल्यावरच्या अशक्त वायफायवर वेळ लागणारच. अडकले असे समजून पुन्हा पुन्हा प्रिंट देऊ नका. पीसीवरची रांग उघडा आणि आकडा वाढतो आहे का ते बघा.

आज चालले, उद्या बंद

पीसी झोपला की प्रिंटर गेला. ‘पॉवर’च्या सेटिंगमध्ये विजेवर असताना स्लीप ‘नेव्हर’ ठेवा. स्क्रीन बंद झाली तर हरकत नाही. पीसीवर कुणी लॉगिन केलेले नसले, नुसती लॉक स्क्रीन असली, तरी प्रिंट जाते. रीस्टार्ट आणि बंद करून चालू करणे यांत फरक आहे, हेही ध्यानात असू द्या: ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शटडाउननंतर विंडोज पूर्ण नव्याने सुरू होत नाही. गडबड झाल्यावर रीस्टार्टच करा.

लाइट जाऊन आली की क्रम बघा: आधी राउटर, मग प्रिंटर, मग पीसी. लेझरजेट १०२० सारखे काही प्रिंटर चालू झाल्यावर आपले फर्मवेअर, म्हणजे स्वतःला चालवणारा आतला प्रोग्राम, दर वेळी संगणकाकडून घेतात. त्यामुळे पीसी बंद असताना ते नुसते दिवा लावून बसतात. लेझर प्रिंटर घरगुती यूपीएसवर लावू नका. कागद भाजणारा फ्यूजर तापताना एकदम एवढी वीज ओढतो की यूपीएस बसतो आणि त्याच्यासोबत पीसीही.

राउटर पत्ते नव्याने वाटतो तेव्हा आयपी पत्त्यावर केलेली जोडणी तुटते. नावावर केलेली तगते, तरीही राउटरमध्ये पीसीसाठी एक पत्ता राखून ठेवणे चांगले. त्या सोयीला बहुतेक राउटरमध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ म्हणतात. लॅपटॉपवर ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ बंद करा. ते चालू असले की तुम्ही शेवटचा वापरलेला प्रिंटर आपोआप डिफॉल्ट होतो. एकदा पीडीएफ जतन केली की पुढची प्रिंटही कागदाऐवजी पीडीएफकडे जाते.

जे करू नये

‘एसएमबी १ चालू करा’, म्हणजे फाइली आणि प्रिंटर शेअर करण्याचा विंडोजचा जुना प्रोटोकॉल चालू करा, हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. करू नका. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम याच जुन्या प्रोटोकॉलमधल्या त्रुटीवर स्वार झाला होता, आणि त्याच वर्षापासून विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांत ते आपोआप बसवले जाणे थांबले. दोन्हीकडे विंडोज १० किंवा ११ असताना प्रिंटरसाठी त्याची काहीच गरज नसते. ११बी या क्रमांकावर रजिस्ट्रीत एक आकडा शून्य करून देणारे व्हिडिओही आहेत. त्याने पान निघते, पण २०२१ मध्ये मुद्दाम बसवलेले संरक्षण निघून जाते; लोकल पोर्टचा मार्ग उपलब्ध असताना हा सौदा महाग आहे. फायरवॉल पूर्ण बंद करायची असेल तर फक्त दोन मिनिटांच्या चाचणीसाठी, आणि चाचणी संपताच चालू. बँकेचे व्यवहार त्याच पीसीवरून होतात.

पीसीवर अजून विंडोज १० असेल तर त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. प्रिंटिंग त्यामुळे थांबत नाही, पण नव्या लॅपटॉपशी त्याचे अंतर प्रत्येक अपडेटनंतर वाढत जाणार. अशा वेळी आधी प्रिंटर बघा: त्याला स्वतःचे वायफाय किंवा इथरनेटची खाच असेल तर शेअरिंगचा सगळा खटाटोप सोडून तो थेट राउटरला जोडा आणि प्रत्येक लॅपटॉपवर आयपी पत्त्याने घ्या. पीसी मध्ये लागतच नाही. फक्त यूएसबी असेल तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर कप्स नावाची मोफत प्रणाली बसवून तोच प्रिंटरचा पहारेकरी करता येतो. मात्र त्याआधी तुमच्या मॉडेलसाठी लिनक्सचा ड्रायव्हर आहे का ते नक्की तपासा. लेझरजेट १०२० साठी तो आहे. राउटरच्या मागच्या यूएसबी खाचेवर मात्र फार विसंबू नका. पान स्वतः न रचणारे प्रिंटर तिथे बरेचदा चालत नाहीत, आणि राउटर तसे सांगतही नाही.